मांडी घालून परत

शिवप्रकाशची चूक एवढीच झाली, की त्यानं विम्याची पॉलिसी अप्पांना वाचून दाखवली.

विम्याची पॉलिसी जगात कुणी वाचत नाही. ज्यानं ती लिहिली त्यानंही पुन्हा वाचली नसावी, असं तिच्या जाडीकडं बघून वाटत होतं. पण मन्मथअप्पांचा नियम होता, जे पूर्ण ऐकलं नाही त्यावर सही नाही. पूर्णेत स्टेशनाकडं जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. तिथं कुकर घेणाऱ्या गिऱ्हाइकाला ते गॅरंटी कार्ड पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवत. गिऱ्हाईक मधेच निघून गेलं तरी वाचन पुरं होई.

मामला तसा सरळ होता. शिवप्रकाशची धाकटी बहीण धनश्री जर्मनीत राहत होती आणि तिचे दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिकडच्या डॉक्टरनं तिला विमानात बसायला मनाई केली, तेव्हा माहेरानंच उठून तिकडं जायचं ठरलं. माहेर म्हणजे अप्पा आणि आई, मल्लम्मा. जावई विरेश कारखान्यात पाळीवर जायचा. त्याला मिळणारी सुट्टी बाळाचं नाव ठरेपर्यंतही पुरली नसती. धनश्री फोनवर रडत वगैरे नव्हती. ती रोज फक्त विचारायची, "दादा, व्हिसाचं झालं का?" शिवप्रकाशला वाटायचं, त्यापेक्षा रडली असती तर बरं.

व्हिसाची तारीख सोमवारची होती, पुण्याला. ती मिळवायला शिवप्रकाशनं पहाटे उठून उठून मोबाइलशी झटापट केली होती. हुकली असती तर पुढची तारीख बाळाला दात आल्यानंतरची होती. सगळे कागद जमले होते. राहिला होता फक्त प्रवासाचा आरोग्य विमा, आणि तो नसला तर खिडकीवरचा माणूस फाइल उघडतसुद्धा नाही म्हणे.

विम्यासाठी तो परभणीला परमेश्वरकडं गेला. परमेश्वर आरटीओसमोर टेबल टाकून मोटारसायकलींचा विमा उतरवायचा. परदेशी जाणाऱ्या माणसाचा विमा त्यानं आजवर उतरवला नव्हता, पण त्यानं तसं चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

"मॉडेल कोणत्या सालचं?"

"त्रेपन्न. वडील हायत माझे."

"तेच विचारायलोय. आधी काही मोठं काम निघालं होतं का?"

"मोतीबिंदू काढलाय."

"पुढची काच," परमेश्वर पुटपुटला आणि काहीतरी टाइप केलं. मग आईचंही तसंच केलं. शेवटी कच्ची पॉलिसी छापून हातात देत म्हणाला, "घरी दाखवा, सही घ्या, पैशे भरा, लगेच पक्की निघंल. काही अडलं तर माझ्याकडं येऊ नका, पाठीमागं कंपनीचा नंबर हाय."

बुधवारी संध्याकाळी वाचन सुरू झालं. अप्पांची इष्टलिंगाची पूजा आटोपली होती, कपाळावर विभूतीचे ताजे पट्टे होते. मांडी घालून ते पाटावर बसले आणि दुसऱ्या पाटावर त्यांनी पॉलिसी ठेवायला लावली. शिवप्रकाश इंग्रजी वाचायचा, मराठी सांगायचा. आई लसूण सोलत हुंकार देत होती. शेजारच्या चांगुणाबाईंना बाहेरून कुणीतरी संथ लयीत काही वाचतंय एवढंच ऐकू आलं. त्या आत आल्या, हात जोडले आणि भिंतीला टेकून बसल्या. सामान हरवण्याचा भाग त्यांनी भक्तिभावानं ऐकला.

दाढ दुखली तर काय, हे झालं. विमान चुकलं तर काय, हेही झालं. अप्पा मान डोलावत होते. मग शिवप्रकाशनं, वाचायच्या ओघात, पुढचं कलम वाचलं. प्रवासात मृत्यू आल्यास मृतदेह मायदेशी आणण्याचा जिम्मा कंपनीचा.

"थांब," अप्पा म्हणाले. "कसा आणणार?"

"विमानानं."

"ते कळलं. आडवा का बसून?"

लसूण सोलायचा आवाज थांबला. चांगुणाबाई उठून घरी गेल्या.

अप्पांच्या घराण्यात माणूस गेला की त्याला आडवं ठेवत नाहीत. मांडी घालून बसवतात, विभूती लावतात, बसलेल्यालाच सजवलेल्या डोलीतून नेतात, आणि तळहातावर इष्टलिंग देऊन बसलेलाच समाधीत ठेवतात. अप्पांचे वडील तसेच गेले, आजोबाही. घराण्यातल्या सगळ्यांची शेवटची बैठक ठरलेली होती, आणि जर्मनीत हे कुणाला माहीत असण्याचं काही कारण नव्हतं.

"अप्पा, तुमी बाळंतपणाला निघालात," शिवप्रकाश म्हणाला.

"मी न्हाई म्हणालो का? पण हा विषय कोणी काढला? मी काढला का? कंपनीनं काढला. आता काढलाय तर पुरं सांगावं त्यांनी. सही मंग करू."

शिवप्रकाशनं बरंच समजावलं. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि पेन आईच्या लसणाच्या ताटलीत ठेवून दिलं.

गुरुवारी दुपारी शिवप्रकाशनं कंपनीला फोन लावला. मराठीसाठी एक आकडा दाबला, तक्रारीसाठी दुसरा, मग बासरी ऐकली. बासरीत मधेमधे एक बाई 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' असं सांगत होती, तेही बासरीइतक्याच शांतपणे.

"नमस्कार सर, मी संघप्रिया बोलतेय. मी आपली काय मदत करू शकते?"

"मॅडम, मृतदेह आणायचं विचारायचं होतं."

तिचा आवाज एकदम मऊ झाला. "आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत, सर. कोण वारलं?"

"अजून कोणी न्हाई."

"मग मृतदेह कुणाचा?"

"वडिलांचा."

"ते आत्ता कुठं आहेत?"

"समोर बसलेत. भाकर खायलेत."

तिकडं कळफलकाची टकटक थांबली. शिवप्रकाशनं सगळं सांगितलं. घराणं, मांडी, डोली, समाधी. सांगता सांगता त्याला स्वतःलाच घाम फुटला. संघप्रियानं मधे एकदाही हसू येऊ दिलं नाही, हे मात्र त्यानं तिच्या खात्यावर जमा धरलं.

"सर, प्रवासी जिवंत नसेल तर त्याला सीट देता येत नाही."

"सीट नको मॅडम. नुसतं बसवून पायजे. सामानात चालंल."

"मी नोंदवून घेते. पण सिस्टीममध्ये असा प्रकारच नाहीये. सामान आहे, उपचार आहे, विमान रद्द आहे..." ती बराच वेळ शोधत राहिली. "विशेष साहाय्य, यात टाकते."

थोड्या वेळानं अप्पांच्या मोबाइलवर मेसेज आला. त्यांची व्हीलचेअरची मागणी कंपनीला मिळाली होती आणि तिच्यावर विचार चालू होता. शिवप्रकाशनं तो वाचून दाखवला. अप्पांनीही त्यावर विचार केला.

"पाय लोंबतेत तिच्यात," ते म्हणाले. "न्हाई जमायचं."

शुक्रवारी संघप्रियाचा स्वतःहून फोन आला. कंपनी आपणहून फोन करते, हा धक्का पचवायलाच शिवप्रकाशला वेळ लागला.

"सर, मी वरती विचारलं होतं. वरच्यांनी जर्मनीत विचारलं. तिकडची एक संस्था हे काम करते. ते म्हणाले पेटी करून देता येईल, पण सगळं उंचीवर आहे. विमानाच्या सामानाच्या दारातून गेली पाहिजे. बसलेल्या स्थितीतली मापं पाठवा."

वास्तविक इथं फोन ठेवून द्यायला हवा होता. पण शिवप्रकाश दुकानदाराचा पोरगा. कुणी माप मागितलं की माप द्यायचं, एवढंच त्याच्या अंगात मुरलेलं. त्यानं रायभान सुताराला बोलावलं.

रायभान देव्हाऱ्याचं काम असेल म्हणून फुटपट्टी, टेप घेऊन आणि कानाला पेन्सिल लावून आला. अप्पा दुकानातच, डब्यांच्या उतरंडीसमोर मांडी घालून बसले. पाठ ताठ, डोळे मिटलेले. रायभाननं गुडघ्यापासून गुडघ्यापर्यंत माप घेतलं, मग जमिनीपासून पटक्याच्या टोकापर्यंत.

"श्वास धरा अप्पा, हालायलाय टेप," तो म्हणाला. "तसं त्या टायमाला हालणार न्हाई, पण आता मला बरोबर माप पायजे."

एक बाई तांब्या घ्यायला आली होती. ती थोडा वेळ थांबली आणि तांब्या न घेता गेली.

मापं पाठवली. उत्तर तासाभरातच आलं. पेटी दारापेक्षा उंच होत होती, फार नाही, चार बोटं.

"पटका काढला तर?" शिवप्रकाशनं विचारलं.

"पटका काढून मी कुठं गेलोय का आजवर?"

संघप्रिया फोनवरच होती. "सर, ते म्हणतायत की मान थोडी पुढं झुकवली तर बसेल."

शिवप्रकाशनं अप्पांना सांगितलं. अप्पांनी मांडी मोडली, उठले, धोतर झटकलं.

"मान खाली घालून गावात यायचं," ते म्हणाले. "मरून. त्यापेक्षा मी मरतच न्हाई तिकडं जाऊन. मी जातच न्हाई."

आई अप्पांशिवाय परभणीच्या पलीकडं कधी गेली नव्हती. अप्पा जाणार नाहीत म्हणजे आई जाणार नाही, आणि आई जाणार नाही म्हणजे धनश्री त्या परक्या दवाखान्यात एकटी. हे शिवप्रकाशला इतकं सरळ दिसत होतं, की बाकी कुणाला का दिसत नाही या विचारानं त्याचं डोकं फिरायची वेळ आली. शनिवारी सकाळी ते फिरलं.

"तुमाला शुगर न्हाई, बीपी न्हाई," तो दुकानातच सुरू झाला. "दात सगळे तुमचे. तुमी मरणार न्हाई, अप्पा. मी मरीन. ह्या विम्यानं मी मरीन. मला आडवं टाका, तिरपं टाका, फिकीर न्हाई, फक्त सही करा."

अप्पा एका पातेल्याची धूळ पुसत होते. पुसून झाल्यावर त्यांनी ते खाली ठेवलं.

"शिवशंकरमामाला आणलं तवा डावा खांदा तू धरला होतास," ते म्हणाले. "इसरलास का?"

शिवप्रकाश विसरला नव्हता. मामा पुण्याच्या दवाखान्यात गेले आणि अँब्युलन्समधून आडवे आले, रात्रभराच्या प्रवासानं लाकडासारखे ताठ. त्यांना बसवायला घेतलं, तर ते बसेनात. गुडघे दुमडेनात. विधीला आलेले जंगमस्वामी थांबून राहिले, बायकांना आत पाठवलं, आणि मग चार पुरुषांनी मिळून जे केलं त्याबद्दल घरात पुन्हा कुणी बोललं नव्हतं. शिवप्रकाशच्या हाताला तो खांदा नंतर कितीतरी दिवस जाणवत होता.

"माझ्यासाठी कोणी तसं करू ने," अप्पा म्हणाले. "तू तर न्हाईच."

शिवप्रकाशनं ते पातेलं उचलून उतरंडीवर ठेवलं. सोमवार तर येणारच होता.

दुपारी जेवताना धनश्रीचा व्हिडिओ कॉल आला. तिचा चेहरा सुजला होता. डॉक्टर म्हणाले होते, थोडं आधीही होऊ शकतं.

"दादा, झालं का?"

"कंपनीशी बोलणं चाललंय," उत्तर अप्पांनी दिलं.

"कसलं बोलणं?"

आईनं हाताचं पीठ पदराला पुसलं आणि मोबाइल आपल्याकडं वळवला.

"धनू, मी यायलेय. एकटी."

फोन ठेवल्यावर अप्पांनी विचारलं, "एकटी म्हणजे? तुला इंग्रजी येतं का?"

"तुमाला येतं का?"

"गॅरंटी कार्डापुरतं येतं."

"येणाऱ्या लेकराला तर तेवढंबी येत न्हाई. आमचं आमी बघू."

"आन तुला काही झालं तर तितं?"

"तर तितंच पुरा," आई म्हणाली आणि तव्यावरची भाकर उलटली. "बसवून पुरा, आडवं पुरा, धनूला सोयीचं पडंल तसं. लेक हाय तितं, नातवंड राहील. फुलं टाकायला येतील."

अप्पांचा घास हातातच राहिला. पूर्णेबाहेर, शेताच्या बांधालगत, अप्पांच्या आईवडिलांच्या समाध्या होत्या. त्यांच्या शेजारी दोघांपुरती जागा अप्पांनी कधीची राखून ठेवली होती. तिथं ते साधी तूरसुद्धा पेरू देत नसत.

"जागा धरलीय मी," ते म्हणाले. "तुझीबी."

"मंग तुमी ऐसपैस बसा. माझ्या जागंवर शेवगा लावा, ऊन चांगलं हाय तितं."

ती चेष्टा करत होती की काय, हे शिवप्रकाशला तिच्या तोंडाकडं बघूनही कळलं नाही. अप्पांना तर अजिबातच कळलं नाही.

शिवप्रकाशनं वेळ न घालवता कंपनीला फोन लावला. आता बासरीचा पुढचा सूर त्याला आधीच माहीत असायचा.

"वडील कसे आहेत?" संघप्रियानं आवाज ओळखून विचारलं.

"बसलेत. मॅडम, एकट्या आईची पॉलिसी वेगळी काढायची."

फोन स्पीकरवर होता. संघप्रियानं आईला तब्येतीचे प्रश्न विचारले. रक्तदाब, साखर, हृदय, पूर्वीचं ऑपरेशन. आईनं सगळ्याला "न्हाई बाई" म्हटलं आणि शेवटी तिलाच विचारलं, तुझाच आवाज का असा खोल यायलाय, जेवण येळेवर करतीस का. कच्च्या पॉलिसीवर सही आईनं स्वतःच केली. वाचून दाखवायचा विषय कुणी काढला नाही.

तेवढ्यात अप्पांनी हात पुढं केला आणि फोन घेतला. स्पीकर चालू असूनही त्यांनी तो कानाला लावला.

"मॅडम, मृतदेहाचं ज्याच्यासाठी विचारत होते, तो मी बोलतोय."

"बोला ना, सर."

"आमची मंडळी एकटी जायलीय. ह्यात जिती परत आणायचं काही कलम हाय का?"

"सर, ते परतीचं तिकीट असतं. पॉलिसीत नसतं ते."

"तिकीट काढू आमी. पण ती बसलीच न्हाई परतीच्या विमानात तर? लेकीनं ठेवून घेतली, न्हाईतर हिलाच तितं करमलं तर?"

"त्याला कव्हर नाही, सर."

"ठिवायला पायजे," अप्पा म्हणाले. "मेलेल्याची एवढी सोय केली तुमी."

आई पाठ करून परातीतलं पीठ चाळत बसली होती. अप्पांनी फोन शिवप्रकाशकडं दिला, दारापर्यंत गेले, परत आले.

"माझीबी काढ," ते म्हणाले. "आडवं तर आडवं."

शिवप्रकाशनं दुसऱ्यांदा विचारलंसुद्धा नाही. "मॅडम, वडिलांचीबी काढा. जशी हाय तशी. पेटी बिटी काही नको."

टकटक झाली. मग पुन्हा झाली. मग संघप्रियाचा आवाज पहिल्या दिवसासारखा मऊ झाला.

"सर, त्यांच्या नावावर विशेष साहाय्याची मागणी विचाराधीन आहे. ती निकाली निघेपर्यंत सिस्टीम पॉलिसी काढू देत नाहीये."

"मंग काढून टाका ती मागणी."

"ते वरतूनच होतं, सर. वरती आता सोमवारी उघडेल. उत्तर यायला मुदत आहे."

"आमाला उत्तर नको मॅडम. आमचा प्रश्नच न्हाई आता."

"मला कळतंय, सर. पण प्रश्न नोंदवला गेलाय."

शिवप्रकाशनं परमेश्वरला फोन केला. दुसऱ्या कंपनीची काढ म्हणाला. दुसऱ्या कंपनीनं अप्पांच्या वयाच्या माणसाला आधी तपासण्या सांगितल्या आणि तपासण्यांची जागा रविवारी बंद होती. "नवं मॉडेल असतं तर लगेच झालं असतं," परमेश्वर म्हणाला, आणि त्याच्या आवाजात खरंच वाईट वाटल्यासारखं होतं.

रविवारी संध्याकाळच्या गाडीनं शिवप्रकाश आईला घेऊन पुण्याला गेला. सोमवारी खिडकीवरच्या माणसानं फाइल उघडली, विमा बघितला आणि शिक्का मारला. नवरा का येत नाही, असं त्यानं विचारलं. शिवप्रकाश तोंड उघडणार तोच आई म्हणाली, "त्यांचं बसायचं ठरंना."

व्हिसा आला आणि आई वेळेवर पोचली. मुलगी झाली. फोटोत आईनं जाड कोट घातला होता आणि तिच्या मांडीवर एक गाठोडं होतं, त्यातून नाक तेवढं दिसत होतं. अप्पा तो फोटो मोठा करून बघायचे, पण बाळाच्या बाजूला नाही, आईच्या बाजूला. ती रोज फोनवर सांगायची की इथं चालायला रस्ते लय चांगले हायत, आणि फोन ठेवल्यावर अप्पा विचारायचे, हे तिनं कामून सांगितलं असंल.

भाकरी आता अप्पा आणि शिवप्रकाश आळीपाळीनं करत. दोघांच्याही सारख्याच व्हायच्या, म्हणजे कडेनं कच्च्या आणि मधे जळक्या. अशाच एका जेवणाच्या वेळी संघप्रियाचा फोन आला. आवाज उजळ होता.

"सर, मंजूर झालं. वरच्यांनी दुसरं विमान शोधलं, त्याचं दार मोठं आहे. बसून, मान सरळ, पटक्यासकट. लेखी देतायत. कंपनीत पहिल्यांदाच झालंय असं. आता वडिलांची पॉलिसी आजच निघेल."

शिवप्रकाशनं अप्पांना सांगितलं. व्हिसाची नवी तारीख काही महिन्यांनंतरची होती आणि आईचं परतीचं तिकीट तिच्याही आधीचं. निदान तिकिटावर तरी तसं लिहिलं होतं.

अप्पांनी भाकरीचा जळका भाग तोडून ताटाच्या कडेला ठेवला.

"त्या मॅडमना म्हणावं, लय तसदी घेतली तुमी," ते म्हणाले. मग कितीतरी वेळ नुसतेच चावत राहिले. "आन म्हणावं, मला आडवं चाललं असतं."